खाट नंबर सतरा

मुलगी बारावी झाली, डॉक्टरकीला मार्क पुरले नाहीत आणि पाहुणे स्थळं सुचवायला लागलेत? घाबरू नका. नर्सिंगला टाका. निम्म्याहून जास्त महाराष्ट्र खेड्यात राहतो, सिस्टर कुठंच पुरत नाहीत, तेव्हा नोकरी दारात चालत येणार, असं एसटी स्टँडवरच्या फलकावर लिहिलंय. एवढा मोठा फलक खोटं कशाला बोलेल?

कोर्स कोणता, याचा काथ्याकूट नको. एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन, बीएस्सी चार. गावात तिघींनाही सिस्टरच म्हणतात. फरक फी भरताना कळतो.

कॉलेज बघायला गेलात की गेट बघा, संस्थापकांचा पुतळा बघा. पेशंट कुठं आहेत, असलं विचारू नका, वाईट दिसतं. नियमाप्रमाणे बीएस्सीला संस्थेचं शंभर खाटांचं रुग्णालय लागतं. खाटा असतातच. माणसं तपासणीच्या दिवशी येतात. आमची आत्या गेली होती एकदा. जीपने नेलं, सतरा नंबरच्या खाटेवर निजवलं, मनगटाला सलाइनची नळी चिकटपट्टीने डकवली. सुई नाहीच. शेजारी गावचेच एक रिटायर गुरुजी, पोटदुखीचे. तपासणीवाल्या मॅडमनी विचारलं, "आजी, काय होतंय?" आत्या म्हणाली, "अजून सांगितलं नाही मला." पोहे, चहा, दोनशे रुपये. कॉलेज पास. शेजारच्या मध्य प्रदेशात अशी कॉलेजं तपासायला हायकोर्टाने सीबीआय लावली, तर २०२४ मध्ये तपासणारेच लाच घेताना सापडले. आपण आत्यावर भागवतो, म्हणजे काटकसरीच म्हणायचे.

तर मुलगी उशीला इंजेक्शनं टोचून पास होईल. मग करिअर! खासगी दवाखान्यात मूळ कागदपत्रं ठेवून घेतात. घेऊ द्या, घरात उंदीर फार. सरकारीच हवी तर कंत्राटी आहे. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग नवी ऑर्डर, असं करत दहा वर्षं काढली की समायोजन, म्हणजे कायम नोकरीत घेणं, असा निर्णय २०२४ साली निघालाय. तोवर गावातलं आरोग्य उपकेंद्र सांभाळायचं. सपाटीला पाच हजार लोकांमागं एक, आदिवासी आणि डोंगरी भागात तीन हजारांमागं. बाळंतपणं, लसी, तापाच्या पेशंटचे रक्तनमुने, आणि हे उरकल्यावर खरं काम: रजिस्टरं. तीच माहिती पुन्हा ऑनलाइन भरायची, रेंजसाठी पाण्याच्या टाकीवर चढून. (बीपीचं मशीन बंद असलं तर चालतं, रकाना रिकामा चालत नाही.)

हे जमणार नसेल तर जर्मन शिकवा. जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी आपल्या सरकारचा करार झालाय, तिकडं म्हाताऱ्यांची सेवा करायला माणसं हवीत. इकडच्या म्हाताऱ्या काय, सवयीच्या आहेत.

आत्याला परवा पुन्हा फोन आला होता. कॉलेजच्या जागा वाढणार आहेत म्हणे. आता तिचे गुडघे खरंच दुखतात. तिनं विचारलं, तिथं कुणी बघेल का. पलीकडचा म्हणाला, "आजी, तुम्ही पोटदुखीत आहात यंदा."