बिनव्याजी म्हणजे फुकट नव्हे

बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर फिरतो आहे: इस्लामिक बँक व्याज घेत नाही, म्हणून कर्ज स्वस्त, तोटा झाला तर ती वाटून घेते, तिथे ठेवलेला पैसाही सुरक्षित.

स्वस्त? या बँकांचा मोठा धंदा मुराबहाचा. वडगावच्या विणकराला २ लाखांचा यंत्रमाग हवा असेल, तर बँक तो स्वतः घेते आणि नफा चढवून, समजा २,३६,००० रुपयांना, ३६ हप्त्यांत विकते. हप्ता ६,५५६ रुपये. वरवर वर्षाला ६ टक्के. पण दर हप्त्यानंतर घटत जाणाऱ्या बाकीवर मोजले तर ११ च्या आसपास. साध्या बँकेचा ११ टक्क्यांचा हप्ता ६,५४८ रुपये येतो! फरक पडतो तो हप्ता थकल्यावर. ठरलेली किंमत वाढत नाही, आणि दंड घेतला तरी तो बँकेच्या नफ्यात न धरता धर्मादाय कामाला द्यायचा असतो. हा फायदा खरा आहे. पण मुदतीआधी फेडायचे असेल, तर उरलेल्या नफ्यातली सूट करारात लिहून घ्यावी. नाहीतर ती बहुतेक ठिकाणी बँकेच्या मर्जीवर.

माग आधी बँकेच्या मालकीचा व्हायला हवा, हा या व्यवहाराचा कणा. तिथेच तो ढिला पडतो: ग्राहकालाच खरेदीचा एजंट नेमतात, खरेदी-विक्रीचे कागद एका बैठकीत होतात, आणि बँकेची जोखीम नावापुरती उरते.

तोटा वाटून घेणारे करार आहेत, मुदारबा आणि मुशारका. पण बहुतेक बँकांच्या कर्जात त्यांचा वाटा लहान. विणकराचा खरा नफा किती, हे कळायला बँकेला त्याच्या वह्या तपासत बसावे लागते, आणि ठेवीदारांना दरसाल ठरावीक परतावा हवा असतो. मुराबहाला तारण आणि जामीनही लागतोच. ज्याच्याकडे दोन्ही नाही, तो गरीब इथेही दाराबाहेरच.

सुरक्षिततेचा दावा सगळ्यांत घातक. तुर्कस्तानातली अशीच बिनव्याजी संस्था, इहलास फायनान्स, २००१ मध्ये बुडाली. भारतात तर अशी बँकच नाही: १९४९ च्या बँकिंग नियमन कायद्याचे कलम ८ बँकेला मालाची खरेदी-विक्री करू देत नाही, आणि २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने इस्लामिक बँकिंगचा प्रस्ताव पुढे न नेण्याचे ठरवले. ‘हलाल गुंतवणूक’ म्हणून पैसे गोळा करणारी बेंगळुरूची आयएमए ही कंपनी तर बँक नव्हतीच. तिने लोकांना भागीदार करून घेतले होते, आणि जून २०१९ मध्ये ती कोसळली.

म्हणून आधी कागद पाहा: ‘ठेवीदार’ लिहिले आहे की ‘भागीदार’? भागीदाराला ठेवविमा नाही. ५ लाखांपर्यंतचा विमा बँकेतल्या ठेवींना आहे. क्रेडिट सौहार्द (कर्नाटकातल्या सहकारी कर्जसंस्था) आणि पतसंस्थांना तो लागू होत नाही, मग त्या व्याज देवोत वा न देवोत.