ऊन वाढलंय? झाड तोडा!

उन्हाळा सहन होत नाही म्हणता? सोपा उपाय सांगतो, आमच्या पुण्यातल्या सोसायटीने एप्रिलमध्येच केलाय. कंपाउंडमधलं सगळ्यात मोठं झाड पाडा. परवानगी? अहो, अर्ज फांद्या छाटायचा करायचा, आणि करवतवाले रविवारी सकाळी बोलवायचे, महापालिकेत फोन उचलायला कुणी नसतं. झाड 'धोकादायक' आहे असं मिटिंगमध्ये ठरवून टाकायचं. कुणाला धोकादायक? तर चेअरमनच्या पांढऱ्या गाडीला, कावळे शिटतात ना वरून! मग पाचोळ्याची कटकट नको म्हणून उरलेल्या मातीवरही पेव्हर ब्लॉक, बुंध्याच्या जागी सिमेंटचा गोल. मग आतून-बाहेरून भट्टी झाली की ज्यांनी झाड पाडलं तेच आधी एसी बसवतात, त्याचं गरम वारं आमच्या बेडरूमच्या खिडकीत, म्हणून आम्ही खिडकी बंद करायची आणि आम्हीपण एसी घ्यायचा, की आमचं गरम वारं वरच्या जोशीकाकूंना.

बोअर आटली की टँकर मागवा. पाणी कुठल्या गावचं, विचारू नका.

फ्लॅट घ्यायचाय? निळ्या पूररेषेच्या, म्हणजे नदीला मोठा पूर आला की पाणी जिथवर येतं त्या रेषेच्या, आतच बघा, 'रिव्हर व्ह्यू' मिळतो. तसला पूर म्हणे 25 वर्षांतून एकदा, तोवर लोन फिटतं. 2019 ला आंबिल ओढा घरात शिरला, 2024 च्या जुलैत सिंहगड रोडची एकतानगरी पाण्यात होती. असो, व्ह्यू छान आहे.

5 जूनला, पर्यावरण दिनाला मात्र तुळशीच्या कुंडीसोबत फोटो हवाच, ग्रुपवर 'झाडे लावा' टाकायचं, खाली अंगठे.

आणि वॉचमनकाका? त्याच झाडाखाली खुर्ची टाकून बसायचे, आता चाळीस डिग्रीत पत्र्याच्या केबिनमध्ये ओला पंचा डोक्यावर घेऊन बसतात. त्यांना एसी कोण देणार? टेबल फॅन मागितला तर कमिटी म्हणते, कॉमन लाइट बिल वाढतं! लाजा वाटत नाहीत का रे? स्वतःच्या घरात अठरावर लावून झोपता, आणि आता पहिल्याच पावसात पार्किंग तुंबलं की मेसेज येतो, पंप घ्यायचाय, वर्गणी काढा. पाणी मुरायला वीतभर माती ठेवली होती का कुणी? मी एक रुपया देणार नाही. आधी ते ब्लॉक उखडा, आणि काकांना आजच्या आज फॅन आणून द्या.