सहलीचे पैसे साठवण्याची खात्रीशीर पद्धत

केरळला जायचंय ना? चौघं, सात दिवस, डिसेंबरचा शेवटचा आठवडा, अंदाजे खर्च १,२०,००० रुपये. म्हणजे वर्षभर महिना १०,०००. हिशोब एवढाच आहे, पण एवढ्यावर भागवणं बरं दिसत नाही. आधी एक्सेल शीट करा. त्यात हाउसबोट साधी आणि हाउसबोट एसी असे दोन रकाने ठेवा आणि बेरजेच्या ओळीला हिरवा रंग द्या. निम्मी बचत झालीच म्हणून समजा.

पैसे पगाराच्याच खात्यात राहू द्या. एक तारखेला पगार आला की तीन तारखेला आरडीचा, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम भरायच्या ठेवीचा, हप्ता आपोआप वळता करणारी रुक्ष माणसं पुण्यात बरीच आहेत. साडेसहा टक्के दर मिळाला तर १०,०००च्या बारा हप्त्यांवर त्यांना सव्वाचार हजारांच्या आसपास व्याजही मिळतं. तुम्ही मोठ्या मनाचे. महिनाभराचा खर्च होऊ द्या आणि २८ तारखेला उरेल ते 'सहल' समजा. फक्त गाडीचा विमा, शाळेची फी आणि भाचीचं लग्न शीटमध्ये लिहू नका. हे खर्च दरवर्षी अचानकच यायला हवेत.

काटकसर कुठे करायची? चहात. अमृततुल्यवरचा दहा रुपयांचा रोजचा कप सोडलात की महिन्याच्या सव्वीस दिवसांचे २६० आणि वर्षाचे ३,१२० वाचतात. या त्यागाचा शिणवटा घालवायला महिन्यातून एकदा लोणावळ्याला मुक्कामी जा. ती सहल धरायची नाही, सराव धरायचा.

शिस्तच हवी असेल तर पोस्टात जा. पोस्टाची आरडी सुरक्षित, सरकारी आणि पाच वर्षांची असते. तीन वर्षांच्या आत ती मोडता येत नाही, आणि त्यानंतर मुदतीपूर्वी मोडली तर व्याज बचत खात्याच्या दराने मिळतं. पुढच्या डिसेंबरच्या सहलीला याहून योग्य योजना शोधून सापडणार नाही. हप्ता चुकला तर महिन्याला शंभरामागे एक रुपया दंड आहे, तेव्हा १०,०००ला शंभर. तीन चुकेपर्यंत निर्धास्त राहा, चौथ्याला खातं खंडित होतं.

घरातून विरोध झाला तर लक्ष्मी रोडवर सराफाकडे मासिक योजना घ्या. अकरा हप्ते तुम्ही भरायचे, बाराव्याच्या नावाने सराफ सूट देतो. शेवटी हातात रोख पडत नाही, दागिना पडतो. त्यात घडणावळ आणि तीन टक्के जीएसटी आलाच. तो दागिना घालून हाउसबोटीवर फोटो छान येतील. हाउसबोटीचे पैसे वेगळे.

तिकिटांची घाई नको. १ नोव्हेंबर २०२४पासून रेल्वेचं आरक्षण १२०ऐवजी ६० दिवस आधी मिळतं. २४ डिसेंबरच्या गाडीचं २५ ऑक्टोबरला सकाळी आठला उघडेल, ३१ डिसेंबरच्या परतीचं १ नोव्हेंबरला. या दोन तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवल्या तर पुढची गंमतच जाईल. परतीचं 'नंतर बघू' म्हणा. तत्काळ आहेच: आदल्या दिवशी एसीसाठी दहाला, स्लीपरसाठी अकराला. सीझनमध्ये चार बर्थ मिळायला नशीब लागतं, आणि पक्कं झालेलं तत्काळ तिकीट आपण रद्द केलं तर परतावा शून्य. मग लोहगावहून विमान, ज्या भावाला असेल त्या भावाला.

आता शीट बंद करा आणि कार्ड काढा. 'नो कॉस्ट ईएमआय' हे नाव वाचलंत की खालचा बारीक मजकूर वाचायचा नाही. तिथे असं असतं: बँक व्याज लावतेच, विकणारा तेवढी सूट देतो, आणि व्याजावरचा अठरा टक्के जीएसटी तुम्ही भरता. दर पंधरा टक्के धरला तर १०,०००च्या बारा हप्त्यांत सुमारे ९,२०० व्याज दडलेलं असतं, त्यावर साडेसोळाशेच्या आसपास कर, प्रोसेसिंग फी निराळी. वर रोख भरणाऱ्याला मिळणारी सवलतही बहुधा विकणाऱ्याच्या त्या सूटमध्येच मुरलेली असते. हे विचारायला फोन करू नका, उगाच कळेल.

केरळला पोचल्यावर रोख कमी पडली तर क्रेडिट कार्डानेच एटीएममधून काढा. फी लागते आणि व्याज त्याच दिवसापासून चालू होतं, खरेदीसारखी बिनव्याजी पन्नास दिवसांची वाट बघावी लागत नाही. बिल आलं की फक्त किमान रक्कम भरा. ४०,००० थकवले आणि व्याज महिना साडेतीन टक्के असेल तर पहिल्याच महिन्यात १,४०० व्याज आणि २५२ कर. शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते, त्यामुळे परतल्यावर घेतलेल्या दूध-भाजीलाही केरळचा थोडा स्वाद येतो.

सोसायटीत कोणी 'किती खर्च आला हो?' म्हणून विचारलं तर आकडा माणशी सांगा, आणि विमान सोडून.