ट्रेलरची बाजू म्हणजे फरशी नव्हे

अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांतून सध्या एक संदेश फिरतो आहे. 'जुना ट्रॅव्हल ट्रेलर एका शनिवारात नवा करा, डिटेलिंगवाल्याला एक डॉलरही देऊ नका' असे त्याचे शीर्षक आहे आणि खाली पाच उपाय दिले आहेत. (ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचे चाकांवरचे घर.) काळ्या ओघळांवर ओव्हन क्लीनर फवारा. सांधे-कोपरे प्रेशर वॉशरने धुऊन काढा. निस्तेज बाजूंवर फरशीच्या ॲक्रिलिक पॉलिशचे पाच-सहा हात द्या, म्हणजे जन्मात पुन्हा वॅक्स लावावे लागणार नाही. छताच्या रबरावर टायर चमकवायचे तेलकट द्रव्य चोळा. आणि हे सारे भर उन्हात करा, म्हणजे लवकर वाळेल. असल्या मजकुराकडे एरवी दुर्लक्ष केले असते, परंतु ॲरिझोनातल्या फिनिक्सला राहणाऱ्या माझ्या साडूंनी नुकताच एक जुना ट्रेलर घेतला असून, पॉलिशचा डबा आणून ठेवल्यानंतर त्यांनी मला 'कसं वाटतं?' असे विचारले आहे. म्हणून हे सविस्तर उत्तर.

मुळात ट्रेलरचे अंग कशाचे आहे, हा पहिला प्रश्न या संदेशात कोठेही नाही. गुळगुळीत फायबरग्लास, रंग दिलेला पन्हाळीदार ॲल्युमिनियमचा पत्रा आणि एअरस्ट्रीम कंपनीच्या ट्रेलरांसारखा उघडा चकचकीत पत्रा या तिन्हींची निगा वेगवेगळी असते. जुन्या एअरस्ट्रीमवर धातूच्या पॉलिशने जो आरसा उमटतो, तो मिश्रधातूवर चढवलेल्या शुद्ध ॲल्युमिनियमच्या अतिशय पातळ थराचा असतो. नव्या एअरस्ट्रीमवर मात्र पारदर्शक लेप असतो आणि तिथे तेच पॉलिश घासले की लेपच खराब होतो. साडूंचा ट्रेलर फायबरग्लासचा आहे, म्हणून पुढचे त्याविषयी.

फरशीच्या पॉलिशचा उपाय सर्वांत जास्त पसरला आहे आणि तोच सर्वांत खुळा आहे. फायबरग्लासवरचा जेलकोट म्हणजे रंगद्रव्य मिसळलेल्या पॉलिएस्टर रेझिनचा थर. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याचा पृष्ठभाग विघटित होतो, रंगद्रव्य सुटे पडते आणि बाजू खडूसारखी होते. काळे फडके घेऊन ट्रेलरच्या दक्षिणेकडे उभ्या राहणाऱ्या बाजूवर एकदा दाबून फिरवावे. फडक्यावर पांढरी भुकटी आली, तर जेलकोटचा वरचा थर मेलेला आहे असे समजावे. अशा खरबरीत पृष्ठभागावरून प्रकाश सगळीकडे विखुरतो, म्हणून तो निस्तेज दिसतो. त्यावर पाणी मारले की बारीक खळगे भरून निघतात आणि सुकेपर्यंत बाजू नवी दिसते. ॲक्रिलिक पॉलिश करते ते एवढेच, फक्त ते पाण्यासारखे उडून जात नाही. खालची भुकटी जिथल्या तिथे राहते आणि तिच्यावर पारदर्शक प्लॅस्टिकची झिलई चढते. वरून कीर्तन, आतून तमाशा!

चकाकी येते, हे मान्य करावेच लागेल, आणि पहिल्या मोसमात ती फोटोत देखणीही दिसते. पण हे द्रव्य घरातल्या फरशीसाठी बनवलेले असते, जिथे ॲरिझोनाचे ऊन पोचत नाही, आणि ते ठरावीक काळाने अल्कलीयुक्त स्ट्रिपरने, म्हणजे जुने पॉलिश उतरवणाऱ्या द्रावाने, काढून पुन्हा लावायचे, अशीच त्याची रीत आहे. ट्रेलरवर ते पिवळे पडते आणि जिथे भुकटीवर बसले असेल तिथे पापुद्रे धरते, जे नखाने उचलता येतात. मग स्ट्रिपर आणावा लागतो, आणि तो उभ्या बाजूवरून ओघळत थेट स्टिकरांवर आणि खिडक्यांच्या ॲल्युमिनियमच्या चौकटींवर जातो. 'आधी नीट घासून घेतले तर टिकते' असा एक बचाव केला जातो. अहो, नीट घासून भुकटी काढली म्हणजे निम्मे काम झालेच की! उरलेल्या निम्म्यासाठी कंपाउंडने, म्हणजे पृष्ठभाग घासून गुळगुळीत करणाऱ्या लेपाने, छोटे छोटे चौकोन धरून मशीनने घासावे, नंतर बारीक पॉलिश फिरवावे आणि शेवटी वॅक्स किंवा पृष्ठभागाचे रक्षण करणारे पॉलिमर सीलंट लावावे. वाळवंटी उन्हात वॅक्स वर्षातून दोनदा लावावे लागते, आणि त्यातून सुटका करणारा डबा अजून निघालेला नाही.

छताच्या बाबतीत माझ्या मताची गरजच नाही. ट्रेलरच्या छतांचे रबर आणि सांधे बुजवायचे सीलंट पुरवणारी डायकोर ही कंपनी ईपीडीएम या छतावरच्या कृत्रिम रबराच्या निगेच्या सूचनांत पेट्रोलियम द्रावके, खरखरीत घासण्या आणि लिंबूवर्गीय घटक असलेले क्लीनर वापरू नयेत, असे स्पष्ट बजावते. पेट्रोलियमने हे रबर फुगते आणि मऊ पडते. टायरच्या तेलकट द्रव्यांत बहुधा हेच द्रावक असते, शिवाय निसरड्या छतावरून माणूस खाली येतो तो वेगळाच. बाजूंवरचे काळे ओघळ बव्हंशी याच छतावरची धूळ पावसाबरोबर उतरून होतात. म्हणून आधी छत साध्या सौम्य साबणाने धुवावे, मग ओघळ काढावेत. त्यासाठी ओव्हन क्लीनर कशाला? त्यात बहुधा कॉस्टिक सोडा असतो आणि तो ॲल्युमिनियम अक्षरशः खातो.

प्रेशर वॉशरविषयी थोडक्यात: सांध्यावर झोत रोखला की सीलंट उचकटते, पाणी फायबरग्लासमागच्या प्लायवूडमध्ये शिरते आणि बाजूला फुगे येतात. हे फुगे पॉलिशने बसत नाहीत. लांबून, पसरट झोताने धुण्यास हरकत नाही. भर उन्हाचा सल्लाही उलटाच आहे, कारण तापलेल्या पृष्ठभागावर साबण आणि वॅक्स पुसण्याआधीच वाळून डाग धरतात. सकाळी लवकर, सावलीत, एका वेळी एकच बाजू घ्यावी.

साडूंचा डबा अजून फोडलेला नसल्याने तो दुकानात परत करता येईल. ज्यांनी हात देऊन टाकले आहेत, त्यांनी मात्र स्टिकर आणि चौकटी टेपने झाकून, स्ट्रिपर आधी एका कोपऱ्यात वापरून पाहावा आणि तो न वाळू देता भरपूर पाण्याने धुवावा.