नुसतं भाडं बघू नका
छोट्या उपनगरी शहरात भाडं कमी आणि शांतताही, म्हणून तिकडेच राहा, असं भाड्याच्या घरांबद्दलच्या एका लेखात सरळ सांगून टाकलंय. शांततेचं पटलं, पण जाण्यायेण्याचा खर्च आणि वेळ कोण धरणार? स्टेशनवरून शेवटची बस किती वाजता सुटते, हे करारावर सही करण्याआधी विचारा. दलालाची 'चालत दहा मिनिटं' बहुतेक धावत मोजलेली असतात! घर एकदा अंधार पडल्यावरही बघा. नवीन रंग दिसला की खिडकीखाली आणि कपाटामागे भिंत हाताने चाचपा, ओल अनेकदा तिथेच झाकलेली असते. ताबा घेताना मीटरचं रीडिंग, नळ, कड्या, सगळ्याचे फोटो काढून त्याच दिवशी घरमालकाला पाठवा. अनामत रकमेची पावतीही मागून घ्या, त्यात संकोच कसला?