जेसन टॉडला वाचकांनी मारलं नाही

“दुसऱ्या रॉबिनला वाचकांनीच मारलं. जेसन टॉड कुणालाच आवडत नव्हता. १९८८मध्ये डीसीने फोनवरून कौल घेतला आणि लोकांनी ‘मरू दे’ म्हणून सांगितलं. पुढे २००५मध्ये त्याला जिवंत करून डीसीने त्याच वाचकांना फसवलं.”

रॉबिन म्हणजे बॅटमॅनचा पोरसवदा साथीदार, जेसन टॉड हा त्या नावाचा दुसरा मुलगा, आणि डीसी ही बॅटमॅनची कॉमिक्स छापणारी कंपनी. बॅटमॅनच्या चाहत्यांमध्ये वाद पेटला की हे विधान येतंच. इतक्यांदा येतं की आता ते कुणी तपासूनही बघत नाही. जेसन माझा लाडका आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण हे विधान खोडण्याचं कारण त्याहून मोठं आहे. त्यामुळे ज्यांनी हा निर्णय घडवून आणला ते मोकळे सुटतात, आणि त्या पोराला वाचवायला ज्यांनी पदरचे पैसे मोजले त्यांची कुठे नोंदच राहत नाही.

ज्यांनी ही कथा वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘अ डेथ इन द फॅमिली’ ही बॅटमॅनच्या ४२६ ते ४२९ या अंकांतली कथा. लेखक जिम स्टार्लिन, चित्रं जिम अपारो यांची, संपादक डेनी ओ’नील. जेसन आपल्या जन्मदात्या आईच्या शोधात इथिओपियापर्यंत पोचतो. आई सापडते, पण ती त्याला बॅटमॅनच्या कट्टर शत्रूच्या, जोकरच्या हवाली करते. जोकर त्याला लोखंडी पहारेने मारमार मारतो आणि दोघा मायलेकांना बॉम्ब लावलेल्या गोदामात कोंडून निघून जातो. बॅटमॅन पोचतो, तेवढ्यात गोदाम उडतं. ४२७वा अंक इथे संपतो. त्याच अंकात दोन फोन नंबर छापलेले होते: एक जेसन जगावा म्हणून, दुसरा मरावा म्हणून. एका फोनला पन्नास सेंट. मुदत १५ आणि १६ सप्टेंबर १९८८, म्हणजे जेमतेम दीड दिवस. मरावा म्हणणारे फोन आले ५,३४३ आणि जगावा म्हणणारे ५,२७१. फरक ७२चा.

आता “वाचकांनी मारलं” यातले वाचक किती, ते पाहू. दोन्ही बाजूंचे मिळून १०,६१४ फोन. त्यातले मृत्यूच्या बाजूने ५०.३ टक्के. मुळात हे फोन आहेत, माणसं नव्हेत. एका माणसाने एकदाच फोन करावा अशी अट नव्हती आणि ती पाळली जाते का हे बघायची सोयही नव्हती. पैसे भरायची तयारी असली की हवे तितके फोन करता येत. जगावा म्हणणाऱ्या बाजूकडून आणखी ७३ फोन आले असते तर निकाल उलटला असता, आणि ७३ फोनांचा खर्च होतो साडेछत्तीस डॉलर. एवढ्या रकमेत फिरू शकणाऱ्या निकालाला वाचकांचा कौल कसं म्हणायचं? बॅटमॅनचा अंक विकत घेणारे या आकड्याच्या कित्येक पट होते. बहुतेकांनी फोन उचललाच नाही. घरचं फोनबिल ज्यांच्या हातात नव्हतं अशी मुलं तर या मोजणीतून आपोआपच बाहेर पडली, आणि रॉबिन हे पात्र १९४०मध्ये आलं होतं ते त्यांच्यासाठीच.

इथे आपल्या बाजूचे लोक एक किस्सा नेहमी सांगतात. एका वकिलाने म्हणे कॉम्प्युटर लावून दर दीड मिनिटाला ‘मरू दे’चा नंबर फिरवत ठेवला होता, आठ तास. हा किस्सा खुद्द ओ’नील यांनी सांगितलेला आहे. पण त्यांनाही तो ऐकूनच माहीत होता, आणि त्याला पुरावा कधी मिळाला नाही. म्हणून मी तो वापरत नाही. “एका माणसानेच रॉबिनला मारलं” असं छातीठोक सांगणारे, “सगळ्यांनी मारलं” म्हणणाऱ्यांइतकेच हवेत बोलतात. ऐकीव माणसाची गरजही नाही. असा माणूस असता तर त्याला अडवणारं काहीच नव्हतं, एवढं त्या निकालाची किंमत ठरवायला पुरेसं आहे.

“कुणालाच आवडत नव्हता” हा या विधानाचा सर्वात पक्का वाटणारा भाग. त्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच त्यावर जास्त बोलायला हवं.

जेसन आला १९८३मध्ये. लेखक जेरी कॉनवे यांनी त्याला सर्कशीतल्या कसरतपटूंचा मुलगा केला, आईबाप खलनायकाच्या हातून मेलेले, म्हणजे पहिल्या रॉबिनची, डिक ग्रेसनची, सहीसही नक्कल. तो वाईट नव्हता, फक्त स्वतःचा असा नव्हता. मग १९८७मध्ये, ४०८व्या अंकात, मॅक्स ॲलन कॉलिन्स यांनी त्याचा जन्मच नव्याने लिहिला. आता तो रस्त्यावर वाढलेला पोरगा होता, आणि बॅटमॅनला तो पहिल्यांदा भेटतो तो बॅटमॅनच्या गाडीची, बॅटमोबिलची, चाकं चोरताना. ही ओळख इतकी झकास आहे की आजही जेसन म्हटलं की तीच आठवते. या जेसनमध्ये पुढे कितीतरी कथांचं बी होतं.

काही महिन्यांतच, ४१४व्या अंकापासून, स्टार्लिन आले. रॉबिन ही कल्पनाच आपल्याला पसंत नव्हती, हे त्यांनी मुलाखतींत स्वतः सांगितलं आहे. स्वतः काळ्या-करड्या कपड्यांत वावरणाऱ्या माणसाने एका मुलाला भडक रंगांचे कपडे घालून गुन्हेगारांसमोर उभं करायचं, हे त्यांना पटत नव्हतं. आक्षेप म्हणून तो वाजवी आहे. पण ज्या लेखकाला पात्र नकोच आहे त्याच्या हातात ते पात्र पडलं, की त्याचं काय होणार? डीसीमध्ये एड्सविषयी जागृती करणारी कथा काढायचं घाटत होतं, तेव्हाही कुणाला तो रोग व्हावा यासाठी स्टार्लिन यांनी रॉबिनचं नाव सुचवलं होतं. म्हणजे जेसनने जावं ही इच्छा लेखकाच्या मनात फोन नंबर छापायच्या आधीपासून होती.

मग पानांवर काय घडतं ते बघा. जेसन चिडका होतो, ऐकेनासा होतो. ४२४व्या अंकात बायकांवर अत्याचार करणारा, बापाच्या राजनैतिक संरक्षणामुळे सुटलेला फेलिपे गच्चीवरून पडून मरतो. जेसनने ढकललं की तो घाबरून घसरला, हे मुद्दाम उघडं ठेवलेलं आहे. मध्ये फक्त एक अंक जातो आणि ४२६पासून जेसनच्या मृत्यूची कथा सुरू होते. “हा पोरगा खुनी असेल का?” असा प्रश्न वाचकापुढे टाकायचा, त्यावर विचार करायला एक अंक द्यायचा, आणि लगेच विचारायचं की याला जगू द्यायचं का. कथेतल्या मुलाबद्दलची नाराजी कथेनेच तयार केलेली होती.

नाराजीची पत्रं येत होती, हे खरं आहे. ओ’नील यांनी ते सांगितलं आहे, आणि डिकची जागा जेसनने बळकावली असं लोकांना वाटत असावं, असा त्यांचा अंदाज होता. मला तो बरोबर वाटतो. डिक चाळीसहून जास्त वर्षं रॉबिन होता. त्याच्या जागी येणाऱ्या कुणालाही पहिली काही वर्षं शिव्याच खाव्या लागल्या असत्या. पण पत्रं लिहिणारे म्हणजे सगळे वाचक नव्हेत. आणि ‘कुणालाच आवडत नव्हता’ म्हणणाऱ्यांनी ५,२७१ हा आकडा पुन्हा वाचावा. तो नावडता रॉबिन जगावा म्हणून एवढे फोन आले होते. कुणालाच आवडत नसता तर फरक ७२चा नसता, हजारोंचा असता.

दुसऱ्या बाजूच्या ५,३४३ फोनांनाही मी द्वेष म्हणणार नाही. आपल्या एका फोनने खरंच काही बदलतं का, हे बघायचं असणारे त्यात असतील. सुपरहिरोंच्या गोष्टीत कुणालाच कधी काही होत नाही, यालाच कंटाळलेले असतील. बॅटमॅनवर खरा घाव बसलेला पाहायचा असणारेही असतील. कथा जड व्हावी असं वाटणं हा काही गुन्हा नव्हे, आणि त्या वाचकांना रक्तपिपासू ठरवणं हाही याच विधानाने केलेला अन्याय आहे.

बरं, वाचकांना विचारलं काय होतं? जोकर जेसनला गाठेल की नाही, आई त्याला दगा देईल की नाही, पहार उचलली जाईल की नाही, यातलं काहीच मताला टाकलं नव्हतं. ते सगळं त्याच अंकात छापून झालेलं होतं. जोकर जेसनला मारत असताना आई बाजूला उभी राहून सिगारेट ओढते, ते चित्रही. वाचकाच्या हाती शेवटचा एक दोर दिला होता, ओढायचा की सोडायचा एवढाच. जाहिरातीची भाषा वाचवण्याकडे झुकलेली होती हे मान्य करायला हवं. जोकरला सूड हवाय म्हणून रॉबिन मरेल, पण तुमच्या एका फोनने ते टळू शकतं, असा तिचा सूर होता. दोन्ही शेवट आधीच तयार होते. म्हणजे लेखकाने मारायची तयारी केली, संपादकाने मान्यता दिली, चित्रकाराने दोन्ही पानं काढली, आणि मग फोनवरच्या लोकांना विचारलं. ही कल्पनाही वाचकांनी मागितलेली नव्हती. १९८२मध्ये विनोदी नट एडी मर्फीने ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’ या अमेरिकन टीव्ही कार्यक्रमात एका जिवंत लॉबस्टरला शिजवायचं की सोडायचं, असं प्रेक्षकांना फोनवरून विचारलं होतं, ओ’नील यांना हे सुचलं ते त्यावरून. बॅटमॅनच्या कथा लिहिणाऱ्या फ्रँक मिलर यांनीही या प्रकाराला खडसावलं होतं. एका लहान मुलाच्या डोक्यावर कुऱ्हाड घालायला लोकांना फोन करायला लावणं, असं त्यांनी त्याचं वर्णन केलं होतं. त्यांचा रोख प्रकाशकावर होता, वाचकांवर नव्हे.

“तो त्याच लायकीचा होता” असंही काही जण पुढे जोडतात. त्यांनी ४२८वा अंक उघडावा. ढिगाऱ्यात शीला हेवूड, जेसनची आई, शेवटच्या घटका मोजत असते. स्फोटाच्या क्षणी जेसन तिच्या पुढे झाला आणि आघात त्याने स्वतःवर घेतला, हे ती बॅटमॅनला सांगते. ज्या आईने त्याला विकलं तिच्यासाठी. मतदान ज्याच्या विरोधात गेलं तो ‘वाईट रॉबिन’ हा असा मेला, आणि हे लिहिणारेही स्टार्लिनच. त्यांच्या लेखणीतून जेसनबद्दलची सर्वात चांगली गोष्ट त्याच्या मरणाच्या अंकात आली, याचं मला आजही वाईट वाटतं.

राहिला २००५चा विश्वासघात. या आरोपाच्या बाजूने एक खरी गोष्ट आहे: जेसनला परत आणणं फार हलकट युक्ती ठरेल, असं ओ’नील तेव्हा म्हणाले होते. पण ते एका संपादकाचं मत होतं, आणि २००५मध्ये त्या खुर्चीवर ते नव्हते. फोन करणाऱ्यांना ‘जेसन या कथेत मरेल’ यापलीकडे कुणी काही कबूल केलेलं नव्हतं. ते त्यांना मिळालं, आणि सतरा वर्षं टिकलं. २००३मध्ये ‘हश’ या बॅटमॅनच्या कथेत तो परतल्याचा भास झाला, पण तो रूप बदलणारा खलनायक क्लेफेस निघाला. एरवी मेलेले परत येण्याची जिथे रीतच आहे तिथे सतरा वर्षं म्हणजे मोठा काळ. कॅप्टन अमेरिकाचा साथीदार बकी बार्न्स, स्पायडरमॅनचे काका अंकल बेन आणि जेसन टॉड सोडून सगळे परत येतात, असं चाहते म्हणत. त्यातला बकीही त्याच २००५मध्ये परतला.

तो जिवंत कसा झाला याचं स्पष्टीकरण मात्र मी सावरून घेणार नाही. सुपरबॉय-प्राइम या महाबलाढ्य पात्राने वास्तवाच्या भिंतीवर ठोसे मारले आणि जेसन थडग्यात जागा झाला, हे २००६च्या वार्षिकांकातलं कारण अगदीच तकलादू आहे. पण लेखक जड विनिक यांनी त्याला रेड हूड नावाचा मुखवटाधारी करून बॅटमॅनसमोर उभं केलं, तेव्हा त्याच्या तोंडी दिलेला प्रश्न तकलादू नाही. मला का वाचवलं नाहीस, असं तो विचारत नाही. ते त्याने कधीच माफ केलेलं आहे. मला ठार मारल्यावरही हा जोकर जिवंत कसा, हे त्याला हवं आहे. आणि बॅटमॅनकडे त्याचं समाधान होईल असं उत्तर नाही.

जेसन खरोखर मेलेला नसता तर हा प्रश्न विचारताच आला नसता. त्यामुळे १९८८चा मृत्यू पुसला जात नाही. सतरा वर्षं सगळे ज्याला टाळत आले तो हिशेब पहिल्यांदाच मांडला जातो. आणि जेसन तो मागतो बॅटमॅनकडे आणि जोकरकडे. फोन करणाऱ्यांचा त्यात कुठेच उल्लेख नाही. जेसनला आपला मारेकरी कोण हे नीट माहीत आहे.