सोरायसिस आणि डोळे: त्या मेसेजमधलं काय चूक आहे

सोरायसिसच्या रुग्णांमध्ये एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: हा आजार कातडीचा, डोळ्यांशी त्याचा संबंध नाही. डोळे लाल झाले तर ती औषधांची उष्णता. गोळ्या थांबवा, गुलाबपाणी घाला, नाहीतर मेडिकलमधून थेंब आणा.

‘आजार कातडीचा.’ चट्टे कातडीवर दिसतात, पण बिघाड रोगप्रतिकारशक्तीचा आहे. त्यातूनच काहींचे सांधे सुजतात आणि काहींच्या डोळ्याच्या आतही सूज येते. तिला युव्हिआयटिस म्हणतात. ती सगळ्यांना होत नाही. ज्यांचे सांधे किंवा कंबरही धरते, त्यांना धोका जास्त. पापण्यांच्या कडांना कोंडा धरणं, डोळे कोरडे पडून खुपणं हे मात्र बरंच आढळतं.

‘उष्णता आहे.’ युव्हिआयटिसमध्ये बहुतेकदा बुबुळाभोवती लाली येते, आत ठणकतं, उजेड सोसवत नाही, धूसर दिसतं. डोळे आल्यावर येतो तसा चिकट पू नसतो. दुर्लक्ष केलं तर बुबुळ मागच्या भिंगाला चिकटू शकतं, बाहुली वाकडीतिकडी होते, पुढे काचबिंदू किंवा मोतीबिंदू. सूज डोळ्याच्या मागच्या भागात असेल तर बहुतेकदा लालीही नसते. नुसतं अंधुक दिसतं, काळे ठिपके तरंगतात. यावर गुलाबपाणी काय करणार?

‘गोळ्या थांबवा.’ अ‍ॅसिट्रेटिन या सोरायसिसवरच्या गोळीने डोळे कोरडे पडतात, हे खरं. सोरालेनची (कातडीवर प्रकाशाचा परिणाम वाढवणारी) गोळी घेऊन प्रकाशोपचार घेणाऱ्यांनी त्या दिवशी घरात खिडकीपाशीसुद्धा अतिनील किरण अडवणारा चष्मा लावायचा असतो. पण औषध बदलायचं की नाही, ते डॉक्टरांना ठरवू द्या. सोरायसिसवरचं अ‍ॅडॅलिमुमॅब हे इंजेक्शन युव्हिआयटिसच्या काही प्रकारांवरही देतात. ते मनानेच बंद केलं तर दोन्ही आजार उसळू शकतात.

‘मेडिकलमधून थेंब आणा.’ मला सर्वात जास्त राग याच वाक्याचा येतो. अशा बऱ्याच थेंबांत स्टिरॉइड असतं. लाली झटकन उतरते, म्हणून मेसेज खरा वाटतो. पण डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर हर्पिस विषाणूची जखम असेल तर ती चिघळते, आणि काहींच्या डोळ्यातला दाब न दुखता वाढत राहतो. युव्हिआयटिसवर डॉक्टरही स्टिरॉइडचेच थेंब देतात. मात्र स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्राखाली तपासून, दाब मोजत, हळूहळू कमी करत.

डोळा लाल होऊन ठणकत असेल आणि उजेड सहन होत नसेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. सोरायसिस असल्याचं आपणहून सांगा. कोपरावरचे, पाठीवरचे चट्टे कपड्याखाली असतात, त्यांना ते दिसत नाहीत.